व्हेलम, छापील मजकूर आणि मोकळी सोडलेली जागा

हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांच्या साहित्यात आज 'व्हेलम' या नावाने जी वस्तू विकली जाते, ती म्हणजे एक अर्धपारदर्शक, दुधाळ, हातात धरला की करकरणारा कागद होय. आपल्याकडे आरेखनाच्या कामासाठी 'ट्रेसिंग पेपर' म्हणून जो वापरला जातो, त्याच्याच कुळातला. त्यावर चार ओळी छापायच्या, एखाद्या रंगीत किंवा फुलांच्या पाकळ्या घातलेल्या हातकागदावर तो अलगद ठेवायचा आणि वर रिबीन बांधायची, अशी ही साधी रचना असते. खालचा रंग धुक्यातून दिसावा तसा दिसतो आणि वरची अक्षरे त्या धुक्यावर तरंगत राहतात.

या कागदाचा वासराशी काडीमात्र संबंध नाही. त्याच्या नावाचा मात्र आहे. वासरू या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमध्ये एक शब्द झाला, त्यावरून वासराच्या कातड्याच्या लेखनपत्राचे नाव तयार झाले आणि तेच इंग्रजीत 'व्हेलम' म्हणून रुळले. कातडे गेले, नाव उरले. भाषेत असे पुष्कळदा घडते. आपण शाईला 'शाई' म्हणतो तेव्हा त्या फार्सी शब्दात काळेपणा आहे याची आठवण कोणालाही नसते आणि म्हणूनच लाल शाई, निळी शाई हे प्रयोग आपल्याला खटकत नाहीत. परंतु व्हेलमच्या बाबतीत नाव केवळ सवयीने उरलेले नाही. ते वेळोवेळी मुद्दाम उचलले गेले आहे. मुद्रणकला युरोपात अवतरल्यापासून छापील मजकुराला कातड्याची ओढ लागलेली दिसते. ही ओढ कशाची होती, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

आधी ते कातडे समजून घेतले पाहिजे. चर्मपत्र म्हणजे चामडे नव्हे. चामडे कमावलेले असते, चर्मपत्र कमावलेले नसते. वासराचे, शेळीचे किंवा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवत, केस काढून टाकत, मग ते लाकडी चौकटीवर चहूबाजूंनी ताणून चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीने खरवडत आणि ताणलेल्या स्थितीतच वाळू देत. या ताणामुळे कातड्यातील तंतूंची मांडणी बदलते आणि एक घट्ट, गुळगुळीत, फिकट पत्रा तयार होतो. त्याला दोन बाजू राहतात. केसांची बाजू किंचित पिवळसर आणि बारीक ठिपक्यांची, तर मांसाची बाजू अधिक पांढरी. तो हवेतील ओलावा शोषतो, फुगतो आणि सुरकुततो, जणू ज्या देहावर तो होता त्या देहाचा आकार त्याला अजून आठवत असावा.

पर्गमम या नगरीवरून 'पार्चमेंट' हा शब्द आला. तेथील राजा आणि इजिप्तचा राजा यांच्यात ग्रंथालयांवरून चुरस लागली, इजिप्तने पपायरसची निर्यात थांबवली आणि म्हणून पर्गममला कातड्याचा शोध लागला, अशी कथा प्लिनीने व्हारोच्या हवाल्याने दिली आहे. कातड्यावर लिहिण्याची चाल त्यापेक्षा जुनी आहे. त्यामुळे कथेतला शोध खरा मानता येत नाही. चुरस मात्र खरी असावी.

भारतात हा पदार्थ रुजला नाही. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने हिंदूंविषयी लिहिलेल्या ग्रंथात याची नोंद आहे. येथील लोक कातड्यावर लिहीत नाहीत, दक्षिणेत ताडाच्या पानांवर आणि मध्य व उत्तर भागात भूर्जाच्या सालीवर लिहितात, असे तो सांगतो. त्याच ठिकाणी त्याने सॉक्रेटिसच्या नावावर प्रचलित असलेली एक आख्यायिका दिली आहे. तुम्ही ग्रंथ का लिहीत नाही, असे विचारल्यावर, जिवंत माणसांच्या हृदयातले ज्ञान मी मेलेल्या मेंढ्यांच्या कातड्यावर नेत नाही, अशा अर्थाचे उत्तर सॉक्रेटिसने दिले म्हणतात. हा आक्षेप मुळात लेखनावरचा आहे. मुद्रणाच्या बाबतीत तो दुप्पट तीव्र होतो. लेखनात निदान एक हात एका पत्रावर फिरलेला असतो. मुद्रणात तोही नसतो.

युरोपातल्या पहिल्या मुद्रकांना या उणिवेची जाणीव होती असे म्हणण्यास आधार आहे. खिळे जुळवून केलेल्या मुद्रणाचा, तारीख असलेला युरोपातील सर्वांत जुना ज्ञात नमुना म्हणजे ग्रंथ नाही, कविता नाही, तर एक भरायचा फॉर्म आहे. सायप्रसच्या राजाला तुर्कांविरुद्ध मदत म्हणून निधी उभा करायचा होता. जे दान देतील त्यांना पापाच्या शिक्षेतून सूट दिल्याचे क्षमापत्र चर्चच्या वतीने मिळे. अशी क्षमापत्रे माइन्झमध्ये छापली गेली आणि त्यांपैकी एकावर २२ ऑक्टोबर १४५४ ही तारीख आहे. मजकूर लॅटिन, एकतीस ओळींचा, एकाच बाजूला छापलेला. छापण्यासाठी घेतलेले पत्र बहुधा व्हेलमचे. आणि मजकुराच्या मध्ये मोकळ्या जागा. दात्याचे नाव, गाव आणि तारीख त्या जागांत लेखणीने भरली जाई.

या कागदपत्राचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने थोडा थांबून करावा असा आहे. शेकडो माणसांना एकच मजकूर देण्यासाठी मुद्रण हवे होते. पण क्षमा ही शेकडो माणसांची गोष्ट नाही. ती एकेका माणसाची असते. छापील वाक्य सर्वांचे आणि मोकळी जागा एकाची, या दोहोंच्या मिश्रणातून ते पत्र वैध होई. खाली कातडे असल्याने ते एखाद्या सनदेसारखे, टिकाऊ आणि गंभीर दिसे. कातडे, छापील मजकूर आणि हाताने लिहिलेले नाव हे त्रिकूट मुद्रणाच्या जन्मवेळीच एकत्र आलेले आहे. पुढे १५१७ मध्ये लूथरने ज्या व्यवहारावर प्रहार केला, त्यात क्षमेचा असा घाऊक प्रसार हाही एक भाग होता.

सुमारे १४५५ मध्ये पूर्ण झालेल्या गुटेनबर्गच्या बायबलची कथाही याच वाटेने जाते. एकूण सुमारे १८० प्रती छापल्या गेल्या, त्यांतील बहुसंख्य कागदावर आणि जवळपास चतुर्थांश व्हेलमवर, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज ज्ञात असलेल्या ४९ प्रतींपैकी १२ व्हेलमच्या आहेत आणि त्यांतल्या चारच पूर्ण आहेत. एका व्हेलम प्रतीला सुमारे १७० वासरांची कातडी लागत, असा हिशेब मांडला जातो. म्हणजे एक ग्रंथ आणि एक कळप. कागदाची प्रत वाचता येत होतीच, मग हा खर्च कशासाठी? कारण व्हेलमची प्रत हस्तलिखितासारखी दिसे. आणि तिला हस्तलिखितासारखे पूर्णही करावे लागे. गुटेनबर्गने सुरुवातीच्या काही पानांवर शीर्षके लाल शाईत छापून पाहिली, पण ते लवकरच सोडून दिले. तेथे त्याने जागा मोकळी ठेवली आणि लाल अक्षरे व सुशोभित आद्याक्षरे काढण्याचे काम लेखनिकांवर सोपवले. त्यांना काय लिहायचे हे कळावे म्हणून शीर्षकांची एक छापील यादीही तयार केली गेली. छापखान्यानेच हाताला सूचना द्यायच्या, हा त्या काळातला मोठा बोलका तपशील आहे.

शाईचाही येथे संबंध येतो. बोरूची किंवा पिसाच्या लेखणीची शाई पाण्याची असते. ती कातड्यात किंचित मुरते. धातूच्या खिळ्यांवर ती थांबत नाही, ओघळते. म्हणून मुद्रकांनी तेल उकळून केलेल्या वार्निशात काळा रंग खलून चिकट शाई बनवली. गुटेनबर्गच्या शाईत तांबे आणि शिसे यांचे प्रमाण मोठे होते, असे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातील चाचण्यांतून दिसून आले. ही शाई कागदात अंशतः शिरते, व्हेलमवर मात्र बहुतांशी पृष्ठभागावरच बसते आणि सावकाश वाळते. त्यामुळे व्हेलमवरचे छापील अक्षर अधिक काळे, अधिक उठावदार आणि अधिक चकचकीत दिसते. त्याच कारणाने ते पुसटण्याचा धोकाही अधिक. व्हेलमवरच्या मुद्रणाचे सौंदर्य आणि त्याची अडचण यांचे कारण एकच आहे, ही गोष्ट शुभेच्छापत्राकडे वळताना पुन्हा लागेल.

१४५७ मध्ये योहान फुस्ट आणि पेटर शोफर यांनी माइन्झमध्येच स्तोत्रसंहिता छापली. तिच्या आज उरलेल्या दहाही प्रती व्हेलमवरच्या आहेत. छापील तारीख आणि मुद्रकांची नावे असलेली पुष्पिका देणारे हे पहिले युरोपीय पुस्तक. ही पुष्पिका अभिमानाने सांगते की हा ग्रंथ लेखणीचा वापर न करता, अक्षरे उमटवण्याच्या नव्या युक्तीने सिद्ध झाला आहे. मात्र त्याच ग्रंथात स्तोत्रांच्या चाली लिहिण्यासाठी जागा कोऱ्या सोडलेल्या आहेत, आणि तेथील स्वरलेखन हातानेच करायचे होते. शब्द छापता आले, सूर छापता आले नाहीत. पुष्पिकेचा दावा आणि त्या कोऱ्या जागा यांना शेजारी ठेवून वाचले, म्हणजे नव्या तंत्राचा आत्मविश्वास आणि त्याची सीमा एकदमच दिसतात.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिलिप पिगुशे, सिमाँ व्होस्त्र आदींनी प्रार्थनाकालाची छोटी पुस्तके व्हेलमवर छापून खपवली. आँत्वान व्हेरार या प्रकाशकाने तर फ्रान्सचा आठवा चार्ल्स आणि इंग्लंडचा सातवा हेन्री यांच्यासाठी व्हेलमच्या खास प्रती काढल्या. त्यांतल्या छापील लाकडी ठशांवर चित्रकार रंग चढवून लघुचित्रे काढत. खालचा छापील ठसा पार झाकला जाई. सामान्य गिऱ्हाइकाला कागदी प्रत आणि राजाला तीच प्रत कातड्यावर, हा प्रघात पडला. पुढे तो इतका रुळला की व्हेलमवरच्या छापील ग्रंथांचा वेगळा वर्गच झाला. १८२२ पासून जोसेफ व्हान प्राएत याने पॅरिसच्या राजग्रंथालयातील अशा ग्रंथांची अनेक खंडांची सूची प्रसिद्ध केली, ती याच वर्गाची.

वाल्टर बेन्यामिनने १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात, यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरते, असे मत मांडले. आपल्याकडे तो निबंध विद्यापीठांत पुष्कळ वाचला जातो. बेन्यामिनला मुद्रणाचे महत्त्व माहीत होते, परंतु त्याचा भर छायाचित्र आणि चित्रपट यांवर होता. व्हेलमचा इतिहास त्याच्या मताला एक पुरवणी जोडतो. तेजोवलय विरण्याची भीती मुद्रकांना पहिल्या दिवसापासून होती आणि त्यांनी त्या वलयाची व्यवस्था पदार्थातून केली. प्रती अनेक होणार हे ठरलेलेच होते, म्हणून ज्यावर छापायचे तो पत्रा तरी एकमेव घेतला. कोणतीही दोन कातडी सारखी नसतात. एकाच फर्म्यातून उतरलेली दोन पाने व्हेलमवर वेगळी होतात.

याच प्रश्नाचे उलटे रूप एकोणिसाव्या शतकात मुंबईत दिसते. तेथे जनावराचा अंश मजकुराला पावित्र्य देत नव्हता, ते हिरावून घेत होता. छापील कागदाला शिवण्यास सोवळ्यातली मंडळी कचरत, असे गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात लिहून ठेवले आहे. शाईत चरबी असते हा त्यामागचा आक्षेप. १८३१ मध्ये पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी या आक्षेपावर तोड म्हणून तूप घालून शाई तयार केली, असे आपल्या मुद्रणेतिहासात सांगितले जाते. पोथ्या छापताना शिळाछापाचाच उपयोग अधिक झाला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शिळाछापात लेखनिकाचे अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरते. सुटी, आडवी पाने, लाल-काळ्या ओळी, वळणदार अक्षर असे पोथीचे सारे रूप त्यामुळे टिकवता आले. माइन्झमध्ये कातडे घेऊन जे साधले, ते मुंबईत चरबी टाळून साधले. उपाय परस्परविरुद्ध होते, पण हेतू एकच होता. छापलेले असले तरी हे हाताने लिहिलेल्याच्या तोडीचे आहे, अशी ग्वाही वाचणाऱ्याला हवी होती.

आता नावाच्या प्रवासाकडे येऊ. जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये बर्मिंगहॅमला छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यग्रंथात काही भाग नव्या प्रकारच्या कागदावर होता. तो जेम्स व्हॉटमनच्या कारखान्यातला. जुन्या कागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेघा उमटलेल्या दिसत. या कागदाचा साचा विणलेल्या तारेच्या जाळीचा असल्याने त्या रेघा नाहीशा झाल्या आणि कागद एकसारखा गुळगुळीत झाला. इंग्रजीत त्याला 'विणलेला' कागद म्हटले गेले, फ्रेंचांनी मात्र त्याला 'व्हेलमी' कागद म्हटले, कारण तो कातड्यासारखा निर्लेप दिसे. कातड्याचे नाव कागदाकडे गेले ते प्रथम या वाटेने, गुळगुळीतपणाच्या साम्यावरून. पुढे १८५० च्या दशकात कागद गंधकाम्लातून क्षणभर बुचकळून काढून चिवट आणि अर्धपारदर्शक करण्याच्या रीतीचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले गेले आणि 'वनस्पतिजन्य पार्चमेंट' असे नाव बाजारात आले. लगदा अतिशय कुटून, तंतू इतके एकजीव करायचे की मधल्या हवेच्या पोकळ्या उरू नयेत आणि प्रकाश आरपार यावा, या दुसऱ्या रीतीतून आजचा ट्रेसिंग पेपर निघतो. पातळ, नीट खरवडलेले कातडेही उजेडापुढे धरले की काहीसे पारदर्शक असते. त्या एका गुणावरून नाव पुन्हा सरकले. आधी गुळगुळीतपणा, मग पारदर्शकता, असे कातड्याचे गुण एकेक करून कागदाने घेतले.

कागदाला नाव मिळाले म्हणून कातड्याची प्रतिष्ठा संपली नाही. ब्रिटिश संसदेने १८४९ पासून आपल्या कायद्यांच्या अधिकृत प्रती व्हेलमवर छापून ठेवण्याचा प्रघात पाडला. त्यापूर्वी त्या हाताने लिहिल्या जात. २०१६ मध्ये खर्चावरून या प्रथेवर वाद झाला आणि २०१७ पासून आतली पाने टिकाऊ कागदाची व बाहेरचे वेष्टन व्हेलमचे अशी तडजोड निघाली. मजकूर कागदावर, आणि त्याच्याभोवती कातड्याचा आब.

या साऱ्या कथेत सर्वांत अवघड प्रसंग विल्यम मॉरिसचा आहे. १८७० च्या दशकाच्या आरंभी मॉरिसने स्वतःच्या हाताने व्हेलमवर ग्रंथ लिहिले आणि सुशोभित केले. उमर खय्यामच्या रुबायांच्या इंग्रजी अनुवादाची अशी एक प्रत त्याने जॉर्जियाना बर्न-जोन्स हिला भेट दिली. ते पुस्तक म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी केलेली एकच वस्तू होती. वीस वर्षांनंतर, १८९१ मध्ये, त्याने लंडनजवळ हॅमरस्मिथला केल्मस्कॉट मुद्रणालय सुरू केले. पहिल्याच पुस्तकाच्या कागदावर २०० आणि व्हेलमवर सहा प्रती निघाल्या. चांगले व्हेलम मिळवणे हाच एक उद्योग होऊन बसला. रोममधून यावयाचे व्हेलम व्हॅटिकनने आधीच राखून ठेवलेले निघाले. पोपकडेच विनंती करावी काय, इथपर्यंत विचार गेला. शेवटी ब्रेंटफर्ड येथील हेन्री बँड नावाच्या कारागिराने सहा आठवड्यांहून लहान वासरांच्या कातड्यांपासून मनाजोगे व्हेलम करून दिले. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चॉसरच्या ग्रंथावलीच्या कागदावर ४२५ प्रती निघाल्या, किंमत २० पौंड. व्हेलमवर १३ निघाल्या, किंमत १२० गिनी.

मॉरिस समाजवादी होता. कला थोड्यांसाठी नसावी, असे तो जाहीरपणे सांगत असे. त्याच्या छापखान्याच्या या किमती पाहून त्याच्यावर दांभिकतेचा आरोप करणे सोपे आहे आणि तो अनेकांनी केला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. केल्मस्कॉटच्या पानांत मोकळी जागा उरलेली नाही. आद्याक्षरे, वेलबुट्टी, चौकटी सारे छापलेले आहे. गुटेनबर्गने हातासाठी जे सोडले होते, ते मॉरिसने हाताच्या प्रेमापोटीच छापून टाकले. जॉर्जियानाला दिलेली रुबायांची प्रत आणि चॉसरची तेरावी व्हेलम प्रत यांतील अंतर किमतीचे नाही. पहिलीत घेणारा ठरलेला होता, दुसरीत घेणाऱ्यासाठी जागाच नव्हती.

घेणाऱ्यासाठी जागा सोडण्याचे काम त्याच शतकात एका क्षुल्लक मानल्या गेलेल्या वस्तूने केले. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीची टपाल सुरू झाली. १८४३ मध्ये हेन्री कोल याने, नाताळात सर्वांना स्वतंत्र पत्रे लिहिणे जमेना म्हणून, जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि शिळाछापाने सुमारे हजार पत्रे छापली. ती हाताने रंगवलेली होती आणि एका शिलिंगला एक विकली गेली. मध्ये मेजवानीला बसलेले कुटुंब, सोबत छापील शुभेच्छा. वर ज्याला पाठवायचे त्याच्यासाठी आणि खाली पाठवणाऱ्याच्या नावासाठी रिकामी जागा. १४५४ च्या क्षमापत्राची रचना येथे पुन्हा भेटते. मजकूर सर्वांचा आणि नाव एकाचे. पापक्षालनाच्या जागी सणाची शुभेच्छा आली, एवढाच फरक.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावी एस्थर हाउलंड या तरुणीने १८४० च्या दशकाच्या अखेरीस प्रेमदिनाच्या पत्रांचा उद्योग सुरू केला. जाळीदार, उठावाच्या कागदाखाली रंगीत कागदाचा तुकडा लावायचा म्हणजे जाळीतून रंग दिसतो, ही तिची आवडती युक्ती होती. एका टेबलाभोवती बसलेल्या स्त्रिया कापणे, चिकटवणे, सजवणे अशी कामे वाटून घेत. ही पत्रे हस्तनिर्मित होती आणि घाऊकही होती. १८७९ मध्ये तिच्या कंपनीने १३१ पद्यांची एक पुस्तिका काढली. निरनिराळ्या आकारांत आणि रंगांत छापलेली ही पद्ये होती. गिऱ्हाइकाला पत्र पसंत पडले पण आतले पद्य आवडले नाही, तर या पुस्तिकेतले दुसरे निवडून मूळ पद्यावर चिकटवता येई. साहित्याच्या इतिहासात या पुस्तिकेला जागा मिळणार नाही. पण कवितेचा एवढा उघड उपयोग क्वचितच दिसतो. कवी अनामिक, वाचणारी व्यक्ती ठरलेली, आणि निवड करणारा हाच जणू त्या ओळींचा कर्ता.

आजच्या हस्तनिर्मित पत्रावरचे व्हेलम हाउलंडच्या जाळीदार कागदाचे थेट वारस आहे. वरचा पापुद्रा, खालचा रंग आणि दोहोंमधले अंतर यांवर त्याचे सौंदर्य उभे असते. त्यावर मजकूर छापताना जुन्या अडचणी नव्या रूपात परत येतात. कागदात पोकळ्या नसल्याने शाई आत जात नाही. घरच्या इंकजेट छपाईयंत्राची पातळ शाई पृष्ठभागावर ओलीच राहते आणि बोट लागताच फराटा उमटतो. रंगद्रव्याची शाई त्यातल्या त्यात बरी, पण तिलाही वेळ द्यावा लागतो. लेझर यंत्रातली भुकटी उष्णतेने वितळून वरच चिकटते, म्हणून अक्षर स्वच्छ येते, मात्र त्याच उष्णतेने पान वळते. ओल्या अक्षरांवर बारीक भुकटी टाकून ती तापवून फुगवण्याची रीतही आहे. आपल्याकडे लग्नपत्रिका छापणारे अशा कागदासाठी बहुधा स्क्रीन प्रिंटिंगचा आधार घेतात. त्यात जाड शाईचा थर वर बसतो. देवनागरीला येथे अधिक जपावे लागते. रफार, अनुस्वार आणि वेलांटीच्या बारीक रेघा शाई पसरली की परस्परांत मिसळतात, म्हणून अक्षर थोडे मोठे आणि सुटे ठेवावे लागते. ओलावा लागला की हा कागद कातड्यासारखाच सुरकुततो. डिंक लावला तर डाग आरपार दिसतो, म्हणून चिकटवण्याऐवजी रिबीन, दोरा किंवा पितळी खिटी वापरतात. नाव उसने घेणाऱ्या या कागदाने मूळ कातड्याचा हट्टीपणाही सोबत आणला आहे.

या पदार्थावर आणखी एका दृष्टीने लिहिता येईल. साहित्यसमीक्षेत 'पॅलिम्पसेस्ट' हा शब्द आपण सढळपणे वापरतो. महाग कातड्यावरचा जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत आणि कालांतराने जुना मजकूर पुसट डोके वर काढी. सिसरोचा राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ १८१९ मध्ये आंजेलो माई याला व्हॅटिकनमध्ये अशाच एका कातड्यात सापडला. तेथे खालचा थर दडवलेला होता आणि त्याचे दिसणे हा अपघात होता. शुभेच्छापत्राच्या व्हेलममध्ये खालचा थर दिसावा अशीच योजना असते. वर छापील ओळ, खाली कोरा रंगीत कागद. पण त्या खालच्या कागदावर कोणी हाताने चार शब्द लिहिले तर ते छापील ओळींमधून दिसू लागतात. छापील मजकूर मग पडद्यासारखा होतो आणि खरा मजकूर त्याच्या मागे असतो.

माझ्या मते येथे या वस्तूचा खरा कस लागतो. छापील शुभेच्छेवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो: या भावना तुमच्या नाहीत, विकत घेतलेल्या आहेत. आक्षेप खोटा नाही. पण तो सहाशे वर्षांच्या मुद्रणव्यवहाराकडे पाठ फिरवून घेतलेला आहे. आपण सांत्वनाचे, अभिनंदनाचे, निमंत्रणाचे शब्द बहुतेक वेळा ठरीव सामग्रीतूनच घेतो. आपली लग्नपत्रिकाच पाहावी. मायन्यापासून 'आपले नम्र' पर्यंत सारे ठरीव असते. तरीही पत्रिका छापून आली की ती लगेच पाठवली जात नाही. तिच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागते, पहिली पत्रिका देवापुढे ठेवली जाते आणि पाकिटावर नाव हाताने लिहिले जाते. ठरीव शब्दांना कोणाचा तरी हात लागावा, ही अपेक्षा आपल्या रीतीतही आहे. तेथे व्हेलम नाही, कुंकू आहे.

म्हणून हाताने पत्रे करणाऱ्यांनी छापील मजकुराची लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि चांगला कागद निवडला म्हणून निश्चिंत होण्याचेही नाही. एकशेसत्तर वासरांच्या कातड्यांनीही जे झाले नसते, ते ट्रेसिंग पेपरच्या एका तुकड्याने होणार नाही. पदार्थ मजकुराला आब देतो. तो मजकूर अमुक एकासाठी आहे हे सांगण्याचे काम त्याला जमत नाही. ते काम माइन्झच्या त्या क्षमापत्रात अनामिक लेखनिकाने केले, स्तोत्रसंहितेत स्वर लिहिणाऱ्याने केले आणि कोलच्या पत्रात ज्याने त्याने आपल्या शाईने केले. त्या सर्वांना ते करता आले, कारण छापणाऱ्याने पानावर त्यांच्यासाठी थोडी जागा कोरी ठेवली होती. व्हेलमवर आपल्या ओळी छापताना आजही पहिला निर्णय अक्षराच्या वळणाचा किंवा शाईच्या रंगाचा नसतो. किती छापायचे आणि किती हातासाठी सोडायचे, हा तो निर्णय असतो.